पहिली पायरी कोणी बांधायची?

(वर्धा येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासशिबिरात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर. वक्ते अर्थशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक आहेत.)



शिबिराच्या कार्यक्रमपत्रिकेत माझा विषय वाचून आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. काल आपण कापसाच्या भावावर बोललो, आज सकाळी पीककर्जावर चर्चा झाली, आणि आता हा निवृत्त मास्तर ‘व्यवसाय बदलून संगणकाच्या क्षेत्रात शिरणारी तरुण मंडळी’ या विषयावर बोलणार! हा प्रश्न पुण्या-बंगळुरूचा, सुस्थितीतल्या मध्यमवर्गाचा. त्याचा आपल्या चळवळीशी काय संबंध, अशी शंका मनात येणे स्वाभाविक आहे. त्या शंकेपासूनच मी सुरुवात करतो.

रेशनच्या दुकानात म्हातारी बाई ई-पॉस यंत्रावर अंगठा ठेवते आणि दुकानदार म्हणतो, ‘मावशी, सर्व्हर नाही, उद्या या.’ हे दृश्य आपण सर्वांनी पाहिले आहे. २०२५-२६ च्या हंगामात हमीभावाने कापूस विकायचा तर सीसीआयच्या ‘कपास किसान’ ॲपवर नोंदणी करा, असे शेतकऱ्याला सांगण्यात आले. सातबारा, पीकविमा, शिष्यवृत्ती, निराधारांचे अनुदान, रोजगार हमीची हजेरी, या साऱ्यांचा रस्ता आज संगणकातून जातो. मोबाइलच्या पडद्यावर आपल्याला दिसतो तो केवळ दर्शनी भाग. त्याच्यामागे नोंदी ठेवणारी, हिशेब जुळवणारी, खऱ्या माणसाला ओळखून आत घेणारी आणि खोट्याला अडवणारी जी व्यवस्था असते तिला त्या धंद्यात ‘बॅकएंड’ म्हणतात. ती उभारणाऱ्याला बॅकएंड डेव्हलपर म्हणतात आणि त्यात नव्याने लागलेला उमेदवार म्हणजे ज्युनिअर. दुकानदार ‘सर्व्हर नाही’ असे म्हणतो तेव्हा तो याच मागच्या भागाविषयी बोलत असतो. तहसील कचेरीतला कारकून जितका आपल्या जीवनाशी निगडित होता, तितकाच आज हा न दिसणारा कारागीर आहे. तो कोठून येतो, कसा शिकतो आणि त्याच्या शिकण्याचा खर्च कोण सोसतो, हा म्हणून आपला प्रश्न आहे.

एका विद्यार्थ्याची हकिकत

माझ्या एका विद्यार्थ्याची हकिकत सांगतो. नाव सांगत नाही. देवळी तालुक्यातल्या एका खेड्यातला मुलगा; वडिलांची साडेतीन एकर कोरडवाहू जमीन. त्याने अर्थशास्त्रात एम. ए. केले, नेट उत्तीर्ण झाला आणि एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवू लागला. ‘तासिका तत्त्व’ या शब्दांचा अर्थ येथे बसलेल्यांना समजावून सांगण्याची गरज नाही. जितके तास शिकवाल तितके मानधन, तेही महिनोन्‌महिने थकलेले. सुट्टीचा पगार नाही, पुढच्या जूनची शाश्वती नाही. अशी सात वर्षे गेली. पाचव्या वर्षी तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, ‘सर, मी दुसरे काही शिकावे म्हणतो. संगणकाचा प्रोग्रॅमिंगचा विचार आहे.’ मी त्याला थांबवले. ‘भरती सुरू होईल, तुझ्यासारख्याने अध्यापन सोडू नये,’ असे म्हणालो. हा सल्ला मी निवृत्तिवेतनाच्या आधारावर बसून देत होतो, हे तेव्हा माझ्या लक्षात आले नाही. माझ्या शब्दाखातर तो आणखी दोन वर्षे थांबला. ती दोन वर्षे मी त्याला परत देऊ शकत नाही.

अखेर बत्तिसाव्या वर्षी त्याने सुरुवात केली. दिवसा तास घ्यायचे आणि रात्री पायथॉन नावाची संगणकभाषा शिकायची. आठ महिन्यांनी त्याने नागपुरात एक वर्ग लावला. मग असंख्य अर्ज केले. बहुतेकांना उत्तरच आले नाही. पुढे नागपुरातच एका लहान कंपनीत चार महिने बिनपगारी ‘इंटर्न’ म्हणून काम केले. शेवटी पुण्याच्या एका कंपनीत ज्युनिअर बॅकएंड डेव्हलपर म्हणून तो लागला, महिना २२ हजार रुपयांवर.

मी अर्थशास्त्राचा माणूस. त्याच्याजवळ बसून मी या स्थित्यंतराचा हिशेब मांडला. लॅपटॉप ४५ हजार. वर्गाची फी ६० हजार. नागपुरातील चार महिन्यांची खोली आणि खाणावळ ३२ हजार. त्या चार महिन्यांचे बुडालेले मानधन सुमारे ८० हजार. बेरीज २ लाख १७ हजार. नव्या नोकरीचा जवळजवळ दहा महिन्यांचा संपूर्ण पगार! यात रात्रीच्या जागरणाची, पत्नीने एकटीने ओढलेल्या संसाराची आणि सावकाराच्या व्याजाची किंमत मी धरलेली नाही. हा सगळा भार एका कुटुंबाने उचलला. कंपनीने त्यात एक रुपयाही घातला नाही, सरकारने घातला नाही, आणि ज्या महाविद्यालयाने सात वर्षे त्याचे श्रम अर्ध्या किमतीत घेतले त्यानेही घातला नाही. त्याला यश आले म्हणून ही हकिकत मी सांगू शकतो. त्याच्याच वर्गातल्या एका मुलीने ‘आधी शिका, नंतर हप्त्याने पैसे भरा’ अशा करारावर सही केली होती. नोकरी लागली नाही. हप्ते मात्र वेळेवर सुरू झाले. कर्ज देणारी संस्था वेगळी होती, शिकवणारी वेगळी, आणि दोघीही एकमेकींकडे बोट दाखवीत होत्या.

साधने सर्वांची

आता या धंद्याच्या स्वरूपाकडे पाहू. कारण त्यात आपणां समाजवाद्यांनी नीट समजून घ्यावी अशी एक गोष्ट आहे.

बॅकएंडचे काम जादूचे नाही. ज्याने पतसंस्थेची कीर्द-खतावणी लिहिली आहे त्याला त्यातले तत्त्व चटकन कळेल. एका खात्यातून पैसे वजा झाले आणि दुसऱ्यात जमा होण्यापूर्वीच वीज गेली, तर काय करायचे? दोन्ही नोंदी व्हायला हव्यात किंवा एकही नको, असा नियम संगणकाला घालून द्यावा लागतो. दोन माणसांनी एकाच क्षणी एकाच खात्यातले शेवटचे हजार रुपये मागितले, तर पहिल्याला द्यायचे आणि दुसऱ्याला अडवायचे, हीही तजवीज आधीच करावी लागते. नोंदी कशा लावायच्या म्हणजे लाखो नावांतून एक नाव क्षणात सापडेल; दोन यंत्रणांनी एकमेकींशी कोणत्या ठरलेल्या रीतीने बोलायचे; चूक कोठे झाली हे उद्या शोधता यावे म्हणून आज कसली टिपणे ठेवायची, असे हे काम आहे. चिकाटी, नेटकेपणा आणि तर्कशुद्ध विचार हे त्याचे भांडवल. शिक्षक, लेखापाल, बँकेतला कारकून, प्रयोगशाळा सहायक यांच्या अंगी हे गुण असतातच.

आणि या धंद्याची हत्यारे? लिनक्स ही संगणकप्रणाली १९९१ पासून सर्वांना खुली आहे. पायथॉन भाषाही त्याच वर्षी जगापुढे आली आणि तीही मोफत आहे. पोस्टग्रेस ही नोंदी सांभाळणारी प्रणाली अमेरिकेतील बर्कले येथील सार्वजनिक विद्यापीठात १९८६ साली सुरू झालेल्या प्रकल्पातून वाढली. खुद्द वेब, ज्यावर हे सारे चालते, ते युरोपातील सर्न या सरकारी पैशांवर चालणाऱ्या प्रयोगशाळेत जन्मले आणि १९९३ साली त्या प्रयोगशाळेने ते कोणतेही शुल्क न मागता जगाच्या हवाली केले. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ पासून मुक्त सॉफ्टवेअरची जी चळवळ उभी केली, तिचा आग्रहच असा की प्रोग्रॅम वाचण्याचा, बदलण्याचा आणि दुसऱ्याला देण्याचा हक्क प्रत्येकाला असावा.

म्हणजे असे पाहा. हिंगणघाट-पुलगावच्या गिरणीत कामगाराच्या मालकीचा साचा कधी नव्हता. इथे मात्र उत्पादनाची प्रमुख साधने मोठ्या प्रमाणात समाजाच्या सामाईक मालकीची आहेत. आपण ज्याचे स्वप्न पाहिले त्याचा एक तुकडा, कोणतीही क्रांती न होता, प्रत्यक्षात आलेला आहे. मग समता का आली नाही? देवळीच्या मुलाला दोन लाख सतरा हजार का मोजावे लागले?

माझे उत्तर असे की, साधन मिळाले म्हणजे कसब मिळाले असे होत नाही. कसब प्रत्यक्ष कामात, जाणत्या माणसाशेजारी बसून येते. त्या विद्यार्थ्याला मी विचारले, ‘तू खरे शिकलास कोठे?’ त्याने वर्गाचे नाव घेतले नाही. तो म्हणाला, ‘पुण्याला आमच्या गटात एक ज्येष्ठ बाई होत्या. पहिले तीन महिने माझे प्रत्येक काम त्या वाचत आणि खुणा करून परत देत. एकदा माझ्या चुकीने दोनशे ग्राहकांची बिले दोनदा निघाली. त्या रागावल्या नाहीत. माझ्याकडूनच ती दुरुस्त करून घेतली. तेथे मी शिकलो.’ या धंद्यात दुर्मिळ आहे ती ही जागा. पोटापुरते मिळवीत, चुका करीत शिकण्याची पहिली जागा. साधने सर्वांची झाली, पण ही पहिली पायरी खाजगी राहिली, आणि दिवसेंदिवस ती अधिक महाग होत आहे.

स्थित्यंतराचा खर्च कोणाचा?

व्यवसाय बदलण्याची पाळी कामगारावर प्रथमच आलेली नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि त्यानंतर हजारो कामगार धंद्याबाहेर फेकले गेले. कोणी वॉचमन झाला, कोणी वडापावची गाडी लावली, कोणी कोकणात किंवा घाटावर परतला. त्यांना नवे कसब शिकवण्याची जबाबदारी कोणी घेतली नाही. पुढे नव्या आर्थिक धोरणाबरोबर केंद्र सरकारने १९९२ साली राष्ट्रीय नूतनीकरण निधी स्थापन केला. विस्थापित कामगारांना नव्याने शिकवणे आणि पुन्हा कामाला लावणे हा त्याचा जाहीर हेतू होता. प्रत्यक्षात त्यातील बहुतांश पैसा स्वेच्छानिवृत्तीच्या भरपाईवर, म्हणजे माणसांना घरी पाठवण्यावर खर्च झाला. पुनर्प्रशिक्षणाच्या वाट्याला अल्प रक्कम आली आणि पुढे तो निधीच गुंडाळण्यात आला.

२०२० च्या औद्योगिक संबंध संहितेत पुन्हा एक तरतूद आली आहे. कामगार कपात झाल्यास मालकाने त्याच्या पंधरा दिवसांच्या वेतनाइतकी रक्कम ‘पुनर्कौशल्य निधी’त भरावी आणि ती पंचेचाळीस दिवसांत कामगाराच्या खात्यात जमा व्हावी. तत्त्व म्हणून मी याचे स्वागत करतो; स्थित्यंतराच्या खर्चाचा काही भाग मालकाने द्यावा हे कायद्याने मान्य केले, ही लहान गोष्ट नाही. परंतु महिना वीस हजार मिळवणाऱ्याला यातून दहा हजारांच्या आसपास मिळतील. दोन लाख सतरा हजारांपुढे दहा हजार! शिवाय ठरावीक मुदतीच्या नोकरीची मुदत संपली तर ती कपात मानली जात नाही. म्हणजे ज्यांना व्यवसाय बदलण्याची पाळी सर्वाधिक येते, तेच या तरतुदीबाहेर राहतात.

शिक्षकाची गत तर आणखी विचित्र. १९८८ साली सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातील एका शिक्षिकेच्या प्रकरणात असा निर्णय दिला की, शिक्षक हा औद्योगिक विवाद कायद्याच्या अर्थाने ‘कामगार’ नव्हे. उलट तांत्रिक काम करणारा माणूस कामगाराच्या व्याख्येत पूर्वीपासून आहे आणि नव्या संहितेतही तो आहे. माझा विद्यार्थी सात वर्षे शिकवीत होता तेव्हा कायद्याच्या लेखी कामगार नव्हता. आता संगणकापुढे बसून प्रोग्रॅम लिहितो म्हणून कामगार म्हणवून घेण्याचा त्याचा दावा अधिक बळकट झाला आहे. पण त्याच्या कंपनीत त्याला कोणी कामगार म्हणत नाही, ‘असोसिएट’ म्हणतात. आणि आपणही त्याला कामगार म्हणत नाही, हे अधिक दुःखाचे आहे.

वर्ध्यानेच सांगितलेली गोष्ट

साथींनो, पहिल्या पायरीचा विचार करण्यासाठी आपल्याला दूर जाण्याचे कारण नाही. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी याच वर्ध्यात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय शिक्षण परिषद भरली. डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि त्याच वर्षअखेर तिचा अहवाल आला. सात वर्षांचे मोफत व सक्तीचे शिक्षण, मातृभाषेतून, आणि एखाद्या उत्पादक हस्तोद्योगाच्या आधाराने. टकळीवर सूत काततानाच गणित, भूगोल आणि समाजशास्त्र शिकावे, ही नई तालीमची कल्पना. तिच्या तपशिलाविषयी आपल्यात मतभेद होते आणि आहेत. मीही चरख्याचा भक्त नाही. पण ‘हाताने काम करता करता बुद्धी घडते आणि ही सोय समाजाने करून द्यायची असते’ हा तिचा गाभा आज संगणकालाही तितकाच लागू पडतो.

त्याच अहवालात एक धोक्याची सूचना होती, तिचा विसर पडू नये. मुलांच्या उत्पादनातून शाळेचा खर्च निघावा ही अपेक्षा मर्यादेबाहेर गेली, तर शिक्षक मुलांकडून जास्तीत जास्त काम काढून घेण्याच्या मागे लागतील आणि शिक्षण बाजूला पडेल, असे समितीने बजावले होते. ‘शिकवतो’ म्हणून फुकट राबवून घेणाऱ्या आजच्या बिनपगारी इंटर्नशिपला ही सूचना तंतोतंत लागू पडते. माझ्या विद्यार्थ्याने त्या चार महिन्यांत ग्राहकाचे काम केले, कंपनीने त्याचे बिल लावले, आणि त्याला मिळाला तो अनुभवाचा दाखला.

सरकारी योजनांतही तोच दोष दिसतो. राज्य सरकारने २०२४ साली मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली. बारावी उत्तीर्णांना महिना ६,०००, आयटीआय व पदविकाधारकांना ८,००० आणि पदवीधरांना १०,००० रुपये विद्यावेतन. मुदत प्रथम सहा महिने, पुढे आणखी पाच महिने वाढवली. तरुण मुले-मुली शासकीय कार्यालयांत, शाळांत गेली. मला भेटलेल्यांपैकी बहुतेकांनी रिकाम्या पदावरच्या माणसाचे काम केले. शेजारी बसून शिकवणारा जाणता माणूस त्यांना लाभला नाही. मुदत संपल्यावर त्यांना आंदोलन करावे लागले, ते उगाच नव्हे.

याच सुमारास पहिल्या पायरीवर दुसरा घाव बसला आहे. २०२२ च्या अखेरीपासून प्रोग्रॅम लिहून देणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने सर्रास वापरात आली. नवशिक्याला पूर्वी जी लहान कामे देत, ती आता अनुभवी माणूस या साधनांकडून करून घेतो. माझा विद्यार्थी सांगतो, त्याच्या कंपनीत गेल्या वर्षी एकही ज्युनिअर घेतला नाही. मोठ्या कंपन्यांतही चित्र आश्वासक नाही. २०२५ च्या फेब्रुवारीत इन्फोसिसने म्हैसूरच्या केंद्रातून तीनशेहून अधिक प्रशिक्षणार्थींना अंतर्गत परीक्षेत उत्तीर्ण न झाल्याच्या कारणावरून काढले. त्यांतील अनेकांनी नेमणुकीसाठी दोन-दोन वर्षे वाट पाहिली होती. पुण्याच्या ‘नाइट्स’ या संघटनेने केंद्रीय कामगार मंत्रालयाकडे तक्रार केली, तेव्हा त्याची दखल घेतली गेली. त्याच वर्षी जुलैमध्ये टीसीएसने आपल्या मनुष्यबळापैकी सुमारे २ टक्के, म्हणजे १२ हजारांवर माणसे कमी करण्याचे जाहीर केले. ती मुख्यतः मधल्या आणि वरच्या पदांवरची होती.

कंपनीच्या ताळेबंदात नवशिक्याचा पगार हा केवळ खर्च असतो. समाजाच्या ताळेबंदात मात्र ती उद्याच्या जाणत्या माणसाची पेरणी असते. बियाणे खाऊन टाकले तर या हंगामात पोट भरते. पुढच्या हंगामात काय पेरायचे, हा प्रश्न कोण्याही एका कंपनीला पडत नाही. तो समाजालाच विचारावा लागतो.

तीन आक्षेप

आपल्यातून येणाऱ्या आक्षेपांचा आता विचार करू. पहिला आक्षेप असा की, संगणकाने रोजगार बुडवले, मग आपण त्याची तरफदारी का करायची? १९८० च्या दशकात बँका आणि विमा क्षेत्रातील संघटनांनी संगणकाला विरोध केला, तेव्हा मी विद्यार्थी होतो आणि मोर्चातही चाललो आहे. त्या विरोधातला रोजगाराचा प्रश्न खरा होता. तथापि यंत्र येणारच असेल तर ते चालवायला कोण शिकणार, कोणाच्या खर्चाने आणि कोणत्या अटींवर, हे प्रश्न आपण पुरेशा जोराने विचारले नाहीत. ती उणीव आता पुन्हा राहू नये.

दुसरा आक्षेप वर्गाचा. पगाराचे मोठे आकडे ऐकून आपण या लोकांना परके मानतो. परंतु मोठ्या कंपन्यांतील नवख्या पदवीधराचे वेतन दहा-बारा वर्षे वार्षिक साडेतीन लाखांच्या आसपासच घुटमळत राहिले आहे, आणि या काळात पुण्याचे घरभाडे घुटमळत राहिलेले नाही. शिवाय दाराशी कोण अडते हे पाहा. मराठी माध्यमातून आलेला, कारण कामाचे सारे वाङ्मय इंग्रजीत. ओळखीचे कोणी आत नसलेला, कारण शिफारशीवर अर्ज पुढे सरकतो. तिशी ओलांडलेला, आणि मूल वाढवण्यासाठी चार वर्षे घरी राहिलेली स्त्री. खाजगी क्षेत्रात आरक्षण नसल्याने दलित आणि ओबीसी तरुणांना घटनेने दिलेला आधार या दारापाशी संपतो. हा प्रश्न वर्गाचा आहेच. आपल्या बाजूच्या वर्गाचा आहे.

तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. सगळ्यांनी प्रोग्रॅमिंग शिकून वर्धा जिल्ह्याचा बेकारीचा प्रश्न सुटेल काय? मुळीच नाही. २०११ च्या जनगणनेप्रमाणे तेरा लाख लोकसंख्येच्या या जिल्ह्यात आठ तालुक्यांचे जीवन शेतीवर उभे आहे. शेतमालाला भाव आणि शिक्षकांच्या रिक्त जागांची भरती या मागण्यांना हा पर्याय नव्हे. तासिका तत्त्वावर कोणाला सात वर्षे झिजवले नसते, तर त्याला धंदा बदलण्याची गरजच पडली नसती. पण ज्याने बदलायचे ठरवले आहे त्याला एकटे सोडून देणे, हेही समाजवादी पक्षाला शोभणारे नाही.

आपण काय करावे?

माझ्या सूचना चार आहेत.

एक. शिकाऊ उमेदवारीचा १९६१ चा कायदा आपण हाती घ्यावा. २०१९ च्या सुधारित नियमांनुसार तीस किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेने आपल्या मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक आहे. नागपूरच्या मिहानमधील आणि पुण्यातील कंपन्या हे पाळतात काय, याची माहिती मागवा. याच कायद्यानुसार शिकाऊ उमेदवार हा कामगार मानला जात नाही, हा त्यातील मोठा दोष आहे. तो बदलण्याची मागणीही बरोबरीने करावी लागेल. कायद्याचा आधार घ्यायचा आणि कायद्याशी भांडायचेही, ही आपली जुनीच रीत आहे.

दोन. जिल्हा परिषद, नगरपालिका, बाजार समित्या, सहकारी बँका व पतसंस्था यांना लागणारी संगणकव्यवस्था बहुधा बाहेरच्या कंत्राटदाराकडून येते. त्या प्रत्येक कंत्राटात अट घाला की, जिल्ह्यातील ठरावीक संख्येने नवशिके सवेतन घ्यावेत, त्यांच्यावर नावानिशी एक जाणता मार्गदर्शक नेमावा आणि सार्वजनिक पैशातून तयार झालेला प्रोग्रॅम खुला असावा. असे झाले तर ‘सर्व्हर नाही’ म्हटल्यावर तो दुरुस्त करणारा माणूस आर्वी-हिंगणघाटातही सापडू शकेल. फी न घेता शिकवता येते, याला दाखला हवा असेल तर तामिळनाडूतील झोहो कंपनीकडे पाहा. भांडवलदारी कंपनी असूनही गेली वीस वर्षे ती बारावी आणि पदविका झालेल्या मुलांना विद्यावेतन देऊन शिकवीत आली आहे आणि तेनकासीसारख्या ग्रामीण भागात तिने कार्यालय चालवले आहे. जे एका कंपनीला स्वतःच्या नफ्यासाठी परवडते, ते सार्वजनिक संस्थांना लोकांसाठी परवडू नये काय?

तीन. पुनर्कौशल्य निधीची रक्कम पंधरा दिवसांवरून किमान सहा महिन्यांच्या वेतनाइतकी व्हावी आणि कंत्राटी, मुदतबंद व तासिका तत्त्वावरील सर्वांना ती लागू व्हावी, अशी मागणी आपल्या जाहीरनाम्यात यावी.

चार. ही सूचना आपल्या हातची आहे, तिला सरकारची परवानगी लागत नाही. प्रत्येक तालुक्याच्या पक्ष-कार्यालयात आठवड्यातून दोन संध्याकाळी अभ्यासवर्ग चालवा. दोन जुने संगणक पुरतात. साधने मोफत आहेत. मराठीतून समजावून सांगणारा एक माणूस लागतो. माझा विद्यार्थी दर रविवारी पुण्याहून दूरध्वनीवरून एक तास द्यायला तयार आहे. आणि त्याच टेबलावर आणखी एक काम करा: कोणीही मुलगा वा मुलगी प्रशिक्षणाच्या, कर्जाच्या किंवा बाँडच्या करारावर सही करण्यापूर्वी तो कागद आपल्यातील वकील मित्राने वाचून द्यावा. त्या एका वाचनाने त्या हप्तेवाल्या मुलीचे घर वाचले असते.

साथींनो, माझ्या विद्यार्थ्याचा चुलतभाऊ यंदा बी. एस्सी. झाला. मागच्या आठवड्यात तोही माझ्याकडे आला होता, तोच प्रश्न घेऊन. या वेळी मी त्याला ‘थांब’ म्हटले नाही. पण ‘जा’ असे म्हणण्याचाही धीर मला झाला नाही. कारण त्याच्या भावाला जी जागा मिळाली, ती आता शिल्लक आहे की नाही याची मला खात्री नव्हती. मी त्याला इतकेच सांगितले की, शिबिरात हा प्रश्न मांडतो आणि पुढच्या रविवारी तुला उत्तर देतो. ते उत्तर मी एकट्याने देण्याजोगे नाही. चौथ्या सूचनेवर आज संध्याकाळच्या बैठकीत निर्णय घ्यावा, म्हणजे रविवारी त्याला निदान कार्यालयाचा पत्ता आणि वर्गाची वेळ तरी सांगता येईल.